तालुक्यातून तालुक्यात

जाफराबादेत एखादा पोरगा परदेशी शिकायला जाणार, ही बातमी त्याच्या ऑफर लेटरच्या आधी एसटी आगाराच्या चौकशी खिडकीपर्यंत पोचलेली असते. पुढच्या दोन दिवसांत ती टेंभुर्णीला जाते, माहोऱ्याला जाते आणि परत येते तेव्हा देश बदललेला असतो. निघताना आयर्लंड असतं, येताना हॉलंड होतं. मुलाचे वडील खुलासा करत बसत नाहीत. एक तर त्या विद्यापीठाचं नाव त्यांनाही अजून नीट घेता येत नाही. शिवाय लोकांना देशाशी घेणंदेणं नसतंच. त्यांचा प्रश्न ठरलेला असतो, "किती लागले?"

जालना जिल्ह्याच्या ईशान्य कोपऱ्यात, पूर्णा आणि खेळणा नद्यांच्या संगमावर, बुलढाण्याच्या हद्दीला खेटून हे तालुक्याचं गाव वसलेलं आहे. रेल्वे नाही. शेजारच्या देऊळगाव राजा-चिखलीकडून जाणाऱ्या जालना-खामगाव रेल्वेमार्गाची मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे, आणि तिची प्रकृती अजून उत्तम आहे. एसटीच्या जालना विभागात मात्र मोजून चार आगार आहेत, जालना, अंबड, परतूर आणि जाफराबाद. त्यामुळे आगार हाच गावाचा विमानतळ. परदेशी जाणाऱ्या मुलाचा पहिला फोटो तिथेच, जालना गाडीच्या पायरीवर निघतो.

इंटरनेटवर मात्र जाफराबादकरांची पंचाईत होते. अर्जात जन्मगाव टाइप करायला घ्यावं, तर संगणक आपणहून पुढे "गुजरात" जोडतो, कारण जाफराबादी म्हैस ज्या गावाच्या नावाने ओळखली जाते ते जाफराबाद अमरेली जिल्ह्यात आहे. तिसरं एक दिल्लीत आहे. तेव्हा पहिल्या ईमेलपासूनच पोराला लिहावं लागतं की आम्ही ते नव्हे. परदेशी प्रवेश विभागाला या खुलाशाची गरज नसते. त्यांना तीनही माहीत नसतात.

आता विद्यापीठ. हार्वर्ड-ऑक्सफर्डचा इथे संबंध नाही. तालुक्यातला बी.कॉम. किंवा बी.एस्सी. अॅग्री झालेला मुलगा जिथे जातो, ते बहुतेक वेळा एक छोटंसं बिझनेस विद्यापीठ असतं. इमारत एक, फार तर दोन. विद्यार्थी काहीशे. विषय एकच, धंदा. त्यावरून गावात शंका निघते, "एवढंसं कॉलेज? आपलं सिद्धार्थ कॉलेज बी यापेक्षा मोठं आसंल की!" असेलही. पण छोटेपणा म्हणजे खोटेपणा नव्हे. लायप्झिगची व्यापार-शाळा १८९८ सालची, जर्मनीतली सगळ्यात जुनी, आणि ती अजूनही आटोपशीरच आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधलं बॅब्सन १९१९ साली अवघ्या २७ विद्यार्थ्यांवर सुरू झालं. आज उद्योजकता शिकवणाऱ्या संस्थांत त्याचं नाव पहिल्या रांगेत घेतात.

या बॅब्सनचे संस्थापक रॉजर बॅब्सन हे गृहस्थ जाफराबादेत जन्मले असते तर आठवडी बाजारात गाजले असते. त्यांच्या शाळेत विद्यार्थ्यांनी सुटाबुटात यायचं, सकाळी साडेआठला घड्याळाच्या यंत्रात कार्ड पंच करायचं, पाचला पुन्हा पंच करून जायचं. शनिवारी अर्धा दिवस. प्रत्येकाला स्वतंत्र टेबल, टेलिफोन, टाइपरायटर आणि गृहपाठ टाइप करून द्यायला सेक्रेटरी. गृहपाठ दुसऱ्याकडून लिहून घेण्याला अभ्यासक्रमात अधिकृत स्थान देणारं हे पहिलंच महाविद्यालय असावं. आपल्याकडे ही सोय आहे, पण अजून अनधिकृत आहे. सप्टेंबर १९२९ मध्ये त्यांनी शेअर बाजार कोसळणार असं भाकीत केलं आणि पुढच्याच महिन्यात तो कोसळला. त्यामुळे त्यांच्या बाकीच्या मतांकडेही लोकांना गंभीरपणे पाहावं लागलं. त्यांपैकी एक मत असं होतं की गुरुत्वाकर्षण हा माणसाचा शत्रू आहे. लहानपणी बहीण बुडून गेली, त्याचा दोष त्यांनी गुरुत्वाकर्षणाला दिला आणि १९४८ साली त्याच्या बंदोबस्तासाठी रीतसर संस्था काढली. ही संस्था दरवर्षी निबंधाला बक्षीस देते आणि १९७१ साली ते स्टीफन हॉकिंग यांनी पटकावलं.

महामंदीत त्यांनी आणखी एक उद्योग केला. ग्लॉस्टर गावाजवळच्या ओसाड माळावर बेकार पाथरवटांना कामाला लावून मोठमोठ्या शिळांवर उपदेश कोरून घेतले. नोकरी धर. वेळेवर ये. डोकं चालव. आईला मदत कर. या शिळा अजून तिथे आहेत. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांच्या भिंतीवरचे सुविचार दर दिवाळीला चुन्याखाली जातात, ही सोय बॅब्सनसाहेबांनी ठेवली नाही. त्यातल्या एका शिळेवर लिहिलंय, कर्जापासून दूर राहा. ज्यांच्या नावाच्या कॉलेजची फी भरायला जगभरचे बाप बँकेच्या दारात उभे राहतात, त्यांनीच हे दगडात कोरून ठेवावं, यातला विनोद त्यांच्या लक्षात आला नसावा.

बँकेचं प्रकरण जाफराबादेत सुरू होतं आणि जालन्यात चिघळतं. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांच्या वर गेलं की तारण लागतं. काही नामांकित परदेशी विद्यापीठांसाठी बँका तारणाचा आग्रह सोडतात, पण छोटं बिझनेस विद्यापीठ त्या यादीत बहुधा नसतं. वडील बिनघोर असतात. त्यांच्याकडे आठ एकर काळी कसदार जमीन आहे, विहीर आहे, दोन शेडनेट आहेत. ते सातबारा टेबलावर ठेवतात. साहेब तो न उघडता परत सरकवतात. शेतजमीन तारण चालत नाही. आठ एकरांत वर्षाला कपाशी, मका, सोयाबीन आणि मिरचीचं बियाणं पिकतं, हे साहेबांना दिसत नाही. पण मामाचा जालन्यातला दीड गुंठ्याचा एन.ए. प्लॉट, ज्यात गेली बारा वर्षं फक्त काँग्रेस गवत पिकलं आहे, तो मात्र त्यांना लख्ख दिसतो. मग सर्च रिपोर्ट, व्हॅल्युएशन, मामाची सही आणि मामीची नाराजी. मामी सहजासहजी हो म्हणत नाही. तिने होकार देईपर्यंत गावात तीनदा "जाणं रद्द झालं" आणि चारदा "व्हिसा आला".

शिष्यवृत्तीचा मार्ग असतो, पण तो छोट्या विद्यापीठाला वळसा घालून जातो. अनुसूचित जातीच्या ७५ विद्यार्थ्यांना राज्य सरकार राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती देतं. अट अशी की विद्यापीठ क्यूएसच्या जागतिक क्रमवारीत पहिल्या २०० मध्ये हवं. ही क्रमवारी एकच विषय शिकवणाऱ्या संस्थांची दखल घेत नाही. म्हणजे ज्या संस्थेत फक्त धंदा शिकवतात, ती धंद्यात कितीही पुढे असली तरी सरकारी कागदावर तिचा पत्ता नसतो.

आणि तरीही या मुलाच्या पदवीवर ज्यांचं नाव छापलेलं आहे, ते स्वतः परदेशी विद्यार्थी होते. जाफराबादचं कॉलेज छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाला जोडलेलं. विद्यापीठ १९५८ चं, नामविस्तार १९९४ चा. बाबासाहेब १९१३ साली सयाजीराव महाराजांच्या महिना साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियात गेले. पुढे मुंबईच्या सिडनम कॉलेजात, म्हणजे आशियातल्या पहिल्या वाणिज्य महाविद्यालयात, १९१८ ते १९२० अर्थशास्त्र शिकवून पैसे साठवले आणि उरलेला अभ्यास पुरा करायला पुन्हा लंडन गाठलं. तिथे रात्री भूक लागली की पापड भाजून खायचे, ही नोंद धनंजय कीरांच्या चरित्रात आहे. ज्या घरात ते राहिले ते १०, किंग हेन्रीज रोडवरचं घर महाराष्ट्र सरकारने २०१५ साली विकत घेतलं. परदेशी जाणाऱ्या पोराच्या बॅगेत आई पापडांचा डबा ठेवते तेव्हा तिला ही परंपरा ठाऊक असतेच असं नाही, पण डबा ठेवायचा ही गोष्ट ती चर्चेला ठेवत नाही.

परदेशी विद्यार्थी म्हणजे काय, हे जाफराबादच्या पोराला विमानात बसल्यावर कळत नाही. ते त्याआधी, विद्यापीठाच्या खिडकीसमोर ट्रान्सक्रिप्टसाठी रांगेत उभं राहिल्यावर कळतं. कारण पुढचा मुलगा येमेनचा असतो. संभाजीनगरात गेली कित्येक वर्षं येमेनी विद्यार्थी शिकत आहेत, कोणी एम.कॉम., कोणी इंग्रजीत पीएच.डी. २०१५ साली त्यांच्या देशात युद्ध भडकलं आणि परत जायची सोय राहिली नाही. त्यांना घरमालक, मेस, पोलीस आयुक्तालयातली नोंदणी आणि "साहेब जेवायला गेलेत" या चारही विषयांचं सखोल ज्ञान असतं. जाफराबादचा मुलगा पहिल्यांदाच आलेला, येमेनचा तिसऱ्यांदा. मार्गदर्शन कोण कोणाला करतं हे सांगायला नको. "भाई, झेरॉक्स दो निकालो. एक वो रखते है, एक गुमाते है."

परदेशी पाहुण्यांची अशी आबाळ पाहूनच महाराष्ट्रात एक अख्खं विद्यापीठ उभं राहिलं. पुण्यात फर्ग्युसनच्या वसतिगृहाचे रेक्टर होते वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक शां. ब. मुजुमदार. एकदा त्यांनी पाहिलं, मॉरिशसचा एक विद्यार्थी काविळीने पडलेला आणि एक मुलगी त्याला खिडकीतून जेवण देते आहे. आजारी मुलाला बघायला इथे कोणी नाही, हे त्यांच्या मनाला लागलं आणि १९७१ साली परदेशी विद्यार्थ्यांच्या आधारासाठी सिंबायोसिस निघाली. मॅनेजमेंट संस्था त्यानंतर सात वर्षांनी आली. दुसरा एखादा रेक्टर असता तर मुलीच्या घरी पत्र गेलं असतं.

कागदांची पुढची यादी थोडक्यात उरकलेली बरी, कारण ज्याने भोगली त्याला ती पाठ आहे. शिफारसपत्रासाठी सरांकडे जावं, तर सर म्हणतात, "तूच लिहून आण, सही मी करतो." मग मुलगा स्वतःविषयी इंग्रजीत असं काही लिहितो की सही करताना सर वर बघून विचारतात, "हे कोण?" आयएल्ट्सच्या तोंडी परीक्षेत एक चिठ्ठी मिळते, विचार करायला एक मिनिट आणि बोलायला दोन. "तुमच्या जवळच्या एखाद्या नदीबद्दल सांगा" असा विषय आला तर जाफराबादचा मुलगा अडचणीत येतो. त्याच्याकडे नद्या दोन आहेत. शिवाय खरं सांगायचं तर "पाणी असतं तेव्हा छान असते" इथेच विषय संपतो, आणि समोरची बाई अजून ऐकत असते.

जर्मनीला जाणाऱ्यांचा खाक्या वेगळा. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना कागदपत्रं खरी असल्याचा एपीएस दाखला आधी घ्यावा लागतो, त्याचे १८,००० रुपये. मग एका खास खात्यात वर्षाचे ११,९०४ युरो भरून ठेवायचे. पैसे आपलेच, पण तिथे गेल्यावर महिन्याला ९९२ युरोच हाती येतात. वडिलांना ही पद्धत मनापासून आवडते. असं खातं जालन्यात असतं तर थोरल्याच्या वेळी पुण्याला एवढा खर्च झाला नसता, असं ते बँकेतच बोलून दाखवतात. थोरला शेजारी उभा असतो.

एजंट, म्हणजे कन्सल्टन्सीवाले, हा स्वतंत्र प्रकार आहे. ते जालना, संभाजीनगर, पुण्यात बसतात, एसी लावतात, भिंतीवर झेंडे लावतात आणि "आमची फी शून्य" असं सांगतात. बहुतेक वेळा ते खरंही असतं. प्रवेश झाला की विद्यापीठाकडून त्यांना पहिल्या वर्षाच्या फीतला ठरलेला टक्का मिळतो. मोंढ्यात वाढलेल्या मुलाला खरं तर हे लगेच उमगायला हवं. भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची, असा निर्णय राज्य सरकारने २०१६ साली घेतला. परदेशी शिक्षणात तो आधीपासूनच लागू होता. अडत खरेदीदार विद्यापीठ देतं, अडत्या एसीत बसतो. आता यात माल कोण, हे मुलाच्या वडिलांना गाडी परतीच्या वाटेवर बदनापूरपर्यंत आल्यावर लक्षात येतं, पण तोवर टोकन भरलेलं असतं. यात फसवणूकच असते असं नाही. चांगला अडत्या चांगला भाव मिळवून देतो. फक्त तो कोणाच्या बाजूने उभा आहे, हे माल उतरवण्याआधी बघावं, आणि ज्या विद्यापीठातून त्याला जास्त टक्का मिळतो त्याचाच झेंडा भिंतीवर मधोमध लावलेला आहे का, हेही.

बॅग भरण्याचा दिवस. वजनमर्यादा २३ किलोची, म्हणून ती आडत दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर चढते. हमाल सवयीने म्हणतो, "कट्टी किती धरू?" २६ किलो भरतात. मग पहिला बळी पुस्तकांचा. दुसरा तुपाचा, आणि तो वजनापायी नव्हे. भारतातून युरोपीय संघात प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. तूप, पेढे, खवा, सगळं बंद. आईच्या चेहऱ्यावर युरोपबद्दल जे मत उमटतं ते तिथल्या संसदेपर्यंत पोचायला हवं. मग आजी हळूच एक पुडी पुढे करते, घरच्या वांग्याचं बी. "खोलीच्या मागं टाक, आपोआप येतंय." तेही चालत नाही. डिसेंबर २०१९ पासून पेरायचं बी न्यायचं तर वनस्पती आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं.

जाफराबादच्या मुलाला ही गोष्ट झोंबते, आणि झोंबायलाच हवी. कारण जाफराबाद-देऊळगाव राजा हा पट्टा म्हणजे भाजीपाल्याच्या संकरित बियाण्याचं आगर. जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली महिको सुरू केली, १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना मिळाला, आणि बियाण्याचा धंदा या भागाच्या अंगवळणी पडला. तालुक्यात कुठेही जा, रस्त्याच्या कडेला पांढरी-हिरवी शेडनेटं दिसतात. आत मिरची, टोमॅटो, काकडी. या बियाण्यातलं काही कागदपत्रांसह, कंपनीच्या गाडीतून, देशाबाहेरही जातं. म्हणजे ज्या घरातल्या मुलाला सहा बँडसाठी दोनदा परीक्षा द्यावी लागली, त्या घरातली मिरची आयएल्ट्स न देता परदेशी जाते.

तर असा हा मुलगा जालन्याहून वंदे भारतने मुंबईला (ही गाडी डिसेंबर २०२३ च्या अखेरीस सुरू झाली आणि तिने परदेशवारीची सुरुवात बरीच रुबाबदार केली) आणि तिथून विमानाने पुढे जातो. उतरल्यावर त्याला परदेशात आल्याचा जो धक्का बसायचा असतो, तो बसतच नाही. हे छोट्या बिझनेस विद्यापीठाचं खरं मर्म. ते विद्यापीठ म्हणजे दुसरं एक तालुक्याचं गाव असतं. इथे लपता येत नाही. तुम्ही कोणत्या देशाचे, कुठे राहता, कोणाशी बोलत नाही, भाडं कितीला पडतं, हे पहिल्या आठवड्यात सगळ्यांना माहीत होतं. आंतरराष्ट्रीय कार्यालय म्हणजे एक खोली आणि दोन बायका. त्यातल्या थोरल्या बाईंना सगळ्यांची नावं, सगळ्यांच्या व्हिशाच्या तारखा आणि कोणाचं पोट बिघडलंय हे तोंडपाठ असतं. पुण्या-मुंबईच्या मुलांचा इथे जीव घुसमटतो. त्यांना गर्दीत हरवायची सवय. जाफराबादच्या मुलाला उलट हायसं वाटतं, चौकशी खिडकी सापडल्याचं. जर्मनी असेल तर घरात राहायला गेल्यापासून १४ दिवसांत पालिकेत पत्ता नोंदवायचा, हे बाई त्याला बजावतात. भारतात आलेल्या परदेशी विद्यार्थ्यालाही तेवढेच १४ दिवस असतात, हे त्याला येमेनच्या मित्रामुळे ठाऊक असतं. तो दुसऱ्याच दिवशी जाऊन येतो, दोन झेरॉक्स घेऊन.

ओळखींचं महत्त्व त्याला शिकवावं लागत नाही. तिथे "नेटवर्किंग" नावाचा दीड तासाचा वर्ग असतो. हातात कागदी कप धरून अनोळखी माणसाकडे जायचं, नाव सांगायचं, तो काय करतो हे विचारायचं आणि तीन मिनिटांत सटकायचं. मुंबईची मुलं घामाघूम होतात. जाफराबादचा मुलगा मात्र तीन मिनिटांत त्या माणसाचं मूळ गाव, भाऊ किती, शेती आहे का आणि पगारात भागतं का, इथवर जातो. प्राध्यापकांना त्याला उलट थांबवावं लागतं. तिथे पगार विचारत नाहीत. हा एक धडा मात्र त्याला नव्याने गिरवावा लागतो, आणि तो पूर्ण कधीच पाठ होत नाही.

संध्याकाळी काम. जर्मनीत मार्च २०२४ पासून परदेशी विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण दिवस काम करता येतं. आयर्लंडमध्ये सत्र चालू असताना आठवड्याला २० तास आणि ठरलेल्या सुट्टीत ४०. गोदाम, सुपरमार्केट, हॉटेलातला स्वयंपाकघरामागचा भाग. घरी व्हिडिओ कॉलवर तो "लॉजिस्टिक्समध्ये आहे" एवढंच सांगतो. वडील कौतुकाने आडत दुकानात सांगतात. हमाल मान डोलावतो. त्याचा पुतण्या पुण्यात चाकणला लॉजिस्टिक्समध्येच आहे, त्यामुळे हमालाला शब्द पुरेपूर कळलेला असतो. तो बोलत नाही, एवढंच.

छोट्या वर्गाचा खरा फायदा मग एका प्रेझेंटेशनला कळतो. विषय असतो पुरवठा साखळीतली जोखीम. बाकीचे गट मोबाइल कंपन्या आणि कॉफीवर स्लाइड करतात, सगळ्यांच्या स्लाइडवर तेच बाण. हा मुलगा आयत्या वेळी स्वतःच्या घरच्या मिरचीच्या प्लॉटवर बोलायला उभा राहतो. मोठ्या विद्यापीठात दोनशे जणांच्या वर्गात तो उभाच राहिला नसता. इथे बावीस जण असतात आणि त्याची पाळी चुकवायची सोय नसते.

तो सांगतो ते असं. कंपनी नर आणि मादी, दोन्ही वाणांचं मूळ बी देते. मधे एक ऑर्गनायझर असतो, तो गावातलाच. नराची रोपं आधी लावायची, म्हणजे पराग वेळेवर मिळतो. मग मादी झाडावरची कळी उमलायच्या आधी हाताने उघडून तिच्यातला पुंकेसराचा भाग काढून टाकायचा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिला नराचा पराग लावायचा. याला तिकडे क्रॉसिंग म्हणतात आणि ते बायकाच करतात, कारण एवढं नाजूक काम पुरुषांना जमत नाही हे पुरुषांनीही कबूल केलंय. एक कळी चुकून तशीच राहिली तर बी अशुद्ध. नंतर फळ पिकवायचं, बी काढायचं, वाळवायचं, कंपनीला द्यायचं. पैसे? ते आता नाही. आधी उगवण चाचणी. मग ग्रो-आऊट टेस्ट, म्हणजे त्या बियाण्यातलं थोडं बी पेरून, झाडं वाढवून, ती खरंच त्याच जातीची आहेत का ते बघायचं. यात महिने जातात. पास झालं तर किलोमागे ठरलेला भाव. लॉट फेल गेला तर त्याचा काही उपयोग नाही. मधल्या काळात वादळ आलं तर शेडनेट शेजारच्या शिवारात जातं, आणि शेजारी ते परत द्यायला येताना स्वतःचं कुठे गेलं ते विचारतो.

वर्ग गप्प असतो. त्यांनी वर्षभर पाठ केलेला प्रत्येक शब्द, कंत्राट, गुणवत्ता नियंत्रण, खेळतं भांडवल, उशिरा मिळणारी रक्कम, एका मिरचीच्या कळीत निघालेला असतो. बाकी गटांना पाच मिनिटं मिळालेली असतात, याला पंचवीस मिळतात. प्राध्यापक जालन्याचं स्पेलिंग विचारून लिहून घेतात आणि मग त्यांचा नेहमीचा प्रश्न टाकतात. चाचणीत माल नापास झाला, तर या साखळीत जोखीम कोण उचलतं? कंपनी? ऑर्गनायझर? विमा?

"माझे वडील," मुलगा म्हणतो.

मागच्या बाकावरचा एक फ्रेंच मुलगा, फायनान्सवाला, हात वर करतो. एवढी सगळी जोखीम एका माणसावर असेल तर त्याने दुसरीकडे काहीतरी तजवीज करून ठेवली असेल ना, हेज वगैरे?

"केलीय की. मला इथं पाठवलंय."

वर्ग हसतो. प्राध्यापक हसत नाहीत. ते फळ्याकडे वळतात, कर्ज किती, व्याज किती टक्के, सवलतीचा काळ किती, मामाच्या प्लॉटची किंमत काय, असं एकेक विचारून आकडे मांडतात आणि हा हेज सध्याच्या दराने मिरचीपेक्षा महाग पडतो असं दाखवून देतात. पुढच्या गुरुवारपर्यंत प्रत्येक गटाने तो स्वस्त कसा करता येईल ते लिहून आणायचं. मुलगा रात्री घरी फोन लावतो आणि वडिलांना मामाच्या प्लॉटचा चालू भाव विचारतो. वडील आधी विचारतात, "कामून, मामी काय म्हनली का?"